उंट, शिंगरू आणि हिरवं दार

साहेब, तुम्ही खोटं बोललात. आम्हा दोघांना ओट्यावर शेजारी शेजारी ठेवलंत, एकाचे फोटो काढलेत, दुसऱ्याच्या गुळगुळीत अंगावरून हात फिरवलात आणि निकाल देऊन मोकळे झालात. जुना मिक्सर धोकादायक. नवा मिक्सर सुरक्षित. प्रकरण संपलं. मग माझ्या मानेला सुतळीने चिठ्ठी बांधलीत आणि मला तुमच्याच कोठारात, फुटक्या दिव्यांच्या ढिगावर आणून टाकलंत. बाई मेली ती तुमच्या कुलूपबंद दाराआडच्या कामामुळे. चिठ्ठी मात्र माझ्या गळ्यात.

मित्रांनो, तुम्हीही ऐका. साहेब ऐकणार नाहीत. त्यांना ऐकायची सवय नाही.

मी एक जुना मिक्सर आहे. चटणी वाटणारा नव्हे. ओट्यावर उभा राहून कणीक मळणारा, अंडी फेटणारा, ओतीव लोखंडाच्या अंगाचा मिक्सर. मला उचलायला दोन माणसं लागतात. ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथे आधी तोफांचे भाग बनत. नंतर वरून हुकूम आला की आता घरगुती वस्तू बनवा. त्या लोकांना हलकं काही बनवताच येत नव्हतं, म्हणून मीही तोफेच्याच जातीचा निघालो. माझ्या पायाशी पितळेचा एक बोल्ट आहे. त्यातून एक तार निघायची आणि सरळ जमिनीत जायची. ती तार लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट त्या तारेची आहे.

कझाक माळरानावर सारीताऊ नावाचं खाणीचं गाव आहे. तिथल्या खाण कामगारांच्या खानावळीत मी कामाला लागलो. कुल्याश तेव्हा तरुण होती. खानावळीत गोड पदार्थ तीच करायची. पहाटेची पाळी खाणीत उतरायच्या आधी तिचे बन तयार असायचे. ते मी मळलेले असायचे. मला चालू करताना ती माझ्या डोक्यावर थाप मारायची आणि म्हणायची, "ऊठ रे उंटा." तेच माझं नाव पडलं. खाण कामगार खिडकीतून डोकावून विचारत, "कुल्याश, आज उंटाने काय बनवलंय?" माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर एवढंच. मला पुरलं.

मग खानावळ बंद झाली. सगळं गावच अर्धं बंद झालं. जाताना कुणी खुर्ची उचलली, कुणी पडदे काढून नेले. कुल्याशने मला नेलं. तिचा नवरा काबदेश आणि तिची मैत्रीण झिना, दोघांनी मिळून मला पाचव्या मजल्यावर चढवलं. झिना म्हणजे झिनाइदा कार्लोव्ना. ती जर्मन वंशाची. खानावळीत भांडी तीच सांभाळायची आणि कुल्याशच्याच जिन्यात, चौथ्या मजल्यावर राहायची. वर पोचल्यावर धापा टाकत ती म्हणाली, "कुल्याश, लोक घरात मांजर पाळतात गं. तू हे काय आणलंस?"

पितळी बोल्टाची तार खानावळीतच तुटून राहिली. पण घर कोरडं होतं, जुन्या घराची लाकडी जमीन होती, काही झालं नाही. वर्षं गेली. काबदेश खाणीत गेला तो वर आलाच नाही. कुल्याश म्हातारी झाली. सगळे तिला आपा म्हणू लागले. मुलगा अब्जाल मोठा झाला, खाणीत लागला, आणि रायखान सून म्हणून घरात आली. तिला मुलगी झाली, तोमिरिस. मी ओट्यावर तिथेच होतो.

आता साहेब, तुम्ही येता.

इमारतींची देखभाल बघणाऱ्या तुमच्या खात्याने आमच्या इमारतीची मोठी दुरुस्ती काढली. जिना रंगवला. जुनी लाकडी जमीन उखडून फरशी बसवली. प्रत्येक स्वयंपाकघरात तीन टोकांचं नवं चकचकीत सॉकेट बसवलं आणि तुमच्या माणसाने ऐटीत सांगितलं, "आता अर्थिंग आहे. आता बिनघोर वापरा." अब्जालने विश्वास ठेवला. त्याने माझ्या बोल्टाला नवी तार जोडली, तीन टोकांचा प्लग लावला. आणि पाचव्या मजल्यावर, जिन्याच्या भिंतीत, विजेच्या बोर्डावर तुम्ही एक लोखंडी दार बसवलंत. त्याला हिरवा रंग दिलात. वर कुलूप घातलंत.

मित्रांनो, वीज एका तारेने येते आणि दुसऱ्या तारेने परत जाते. तिसरी तार जमिनीत जाते. वीज वाट चुकली, तर ती माणसाच्या अंगातून न जाता त्या तारेने जमिनीत जावी म्हणून. ही तिसरी तार म्हणजे माणसाचा जीव. या साहेबांनी ती जमिनीत नेलीच नाही. एवढे मजले खाली तार नेऊन कोण खोदणार? हिरव्या दाराआड त्यांनी ती परतीच्या तारेलाच गुंडाळली आणि दार लावून घेतलं. परतीची तार घट्ट आहे तोवर काही कळत नाही. ती सैल झाली, की परत न जाऊ शकलेली वीज प्रत्येक घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूच्या अंगात येऊन थांबते. आणि वाट पाहते.

मला हे कसं कळलं? मला कुणी शिकवलं नाही. ती वीज माझ्याच अंगात येऊन उभी राहत होती.

त्याच शरद ऋतूत शिंगरू घरात आलं.

रायखान घरी केक करून विकायची. मधाचे, पातळ थरांचे. लग्न असो, बारसं असो, म्हाताऱ्याचा वाढदिवस असो, जिन्यातल्या सगळ्यांना तिचाच केक लागायचा. तिला हलका, नवा मिक्सर हवा होता. तिने आणला. लाल, चकचकीत, वरपासून खालपर्यंत प्लास्टिकचा. आपाने त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "हे काय, शिंगरू? उभं तरी राहता येतं का याला?"

"आपा, आधी बघा तरी."

"बघतेच. दोघांना जुंपू. झिनालाही बोलाव. निवाडा करायला परकं माणूस बरं."

अशी आमची पहिली तुलना झाली. ती प्रामाणिक होती, तीही ऐका. आधी अंड्यांचा पांढरा बलक फेटला. मी फेटला तो साधा फेस. शिंगराने फेटला तो ढगासारखा उभा राहिला, भांडं उलटं केलं तरी पडेना. शिवाय त्याला आवाज नव्हता. मी चालू झालो की खालच्या मजल्यावरची कपाटं वाजत. झिना म्हणाली, "कुल्याश, शिंगरू जिंकलं. गेली कित्येक वर्षं मला तुझ्या उंटाने झोपू दिलेलं नाही."

"थांब. खरी कणीक येऊ दे."

मग बाउरसाकची घट्ट कणीक. बाउरसाक म्हणजे कणकेचे तळून फुगवलेले गोळे, मेजवानीला पिंपभर लागतात. माझा मळायचा लोखंडी आकडा त्या कणकेत शांतपणे फिरत राहिला. शिंगरू मात्र थरथरायला लागलं. ओट्यावरून चालत कडेपर्यंत गेलं. जळक्या वायरचा वास सुटला. तोमिरिस ओरडली, "आई, ते पळून चाललंय!" आणि रायखानने त्याला मिठी मारून धरलं.

आपा इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. "बाळा, धर धर, माळावर जाईल ते!"

निवाडा झिनानेच दिला. केक शिंगराचे, कणीक उंटाची. भांडणाचं कारण नाही. सगळे हसले. ते त्या स्वयंपाकघरातलं शेवटचं मोकळं हसू. कारण भांडी धुवायला म्हणून रायखानने एक ओला हात नळावर ठेवला, दुसऱ्याने मला बाजूला सारायला गेली, आणि "आई गं!" करून मागे सरली.

"काय झालं?"

"याने... याने मला धरलं, आपा. मनगटाला धरल्यासारखं झालं."

आपाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या काबदेशच्या फोटोकडे.

"मनगटाला? उजव्या?"

"हो."

"तो असंच धरायचा," आपा म्हणाली. "हाक मारायचा नाही. मनगट धरायचा. सूनबाई, उद्या शुक्रवार आहे. सात शेलपेक तळ. सासऱ्याला आठवण झालीय आपली."

शेलपेक म्हणजे तेलात तळलेली पातळ पोळी. गेलेल्या माणसांसाठी शुक्रवारी सात तळतात. तेलाचा वास पितरांपर्यंत पोचतो. मग हात पसरून दुआ करायची, तळवे चेहऱ्यावरून फिरवायचे आणि सात दारी एकेक शेलपेक द्यायची. चांगली रीत आहे. मी तिच्यावर हसणार नाही. ज्यांना जमिनीखालून प्रेतही मिळालं नाही, त्यांना तेलाचा वास तरी पाठवू द्या. पण साहेब, तुमच्या दाराआड सैल झालेली तार त्या बाईने नवऱ्याचा हात समजून धरली, हे तुम्हाला रात्री आठवतं का?

त्या शुक्रवारी कणीक कशात मळली? माझ्यातच. आपा म्हणाली, "तो उंटाला ओळखतो. त्यानेच खांद्यावरून वर आणला. शिंगरू त्याला काय माहीत?" मळताना मी पुन्हा धरलं. या वेळी आपालाच. ती ओरडली नाही. डोळे मिटून उभी राहिली, आणि तिच्या ओठांवर जे आलं ते पाहून मी बर्फासारखा गार पडलो. ती लाजली होती.

दर शुक्रवारी तसंच. पितर आला म्हणून कणीक मळायची, कणीक मळायची म्हणून मला लावायचं, मला लावलं की पितर यायचा.

थंडी वाढली. सगळ्या इमारतीत विजेच्या शेगड्या पेटल्या, कारण घर उबदार ठेवणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्या कोमटच राहत होत्या. तोही तुमच्याच भाऊबंदांचा पराक्रम. जितक्या शेगड्या, तितकी परतीची तार तापे, तितकी सैल होई. मला ते ऐकू येई. भिंतीतून, हिरव्या दाराआडून, तळणीत पाण्याचा थेंब पडावा तसा चर्रर्र आवाज. दिवे पिवळे होत, मग एकदम पांढरे. मी मधेच आपोआप जोरात फिरू लागे, कुणी खटका न हलवता. आपा म्हणे, "घाई आहे त्याला."

शेलपेक द्यायला आलेल्या रायखानला झिनाने दारातच धरलं.

"ए पोरी, तुझी सासू काय सांगतेय? काबदेश मिक्सरमध्ये येतो?"

रायखानने मान खाली घातली. सासऱ्याचं नाव ती घेत नसे. "मामंजी येतात म्हणतात."

"मग तो माझ्या पाणी तापवायच्या टाकीतही येतो वाटतं! काल अंघोळीला गेले तर असा चावला! मी म्हातारी जर्मन बाई, मला कुठला कझाक पितर चावणार? माझे पितर आले तर सॉसेज मागतील, शेलपेक नाही."

रायखान हसली आणि हसता हसता थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला.

"झिना मावशी. टाकीतही?"

"टाकीत, नळात, कपडे धुवायच्या यंत्रात. चल. दोघी जाऊ."

दोघी तुमच्याकडे आल्या, साहेब. तुमचा माणूस इमारतीत आला. अंगात कोट, हातात फाइल, पाच मजले चढून दमलेला. हिरव्या दारासमोरून गेला आणि थेट आमच्या स्वयंपाकघरात आला. आपाने त्याला चहा दिला. दूध घातलेला, कपात थोडाच, पुन्हा पुन्हा भरता यावा म्हणून. पाहुण्याला असाच देतात.

"आपा, हवा कोरडी आहे," तो म्हणाला. "लोकरीचे मोजे घालून गालिच्यावर चालता. त्यानेच चटके बसतात. सुती घाला."

झिना म्हणाली, "मी अंघोळीला लोकरीचे मोजे घालून जात नाही हो."

"रबरी चप्पल घाला मग."

"ते दार उघडा," रायखान म्हणाली. "जिन्यातलं. आतून आवाज येतो."

"किल्ली माझ्याकडे नसते, ताई. ठेकेदाराकडे असते."

"ठेकेदार कुठे आहे?"

"ते खात्याला माहीत."

"खातं म्हणजे तुम्हीच ना?"

त्याने चहा संपवला. उठताना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि हे म्युझियममध्ये द्या. असली जुनी यंत्रं ठेवता आणि मग खात्याला दोष देता." मग शिंगरावरून हात फिरवला. "हे बघा, याच्यात कसा नाही येत चटका? यंत्र चांगलं असलं की चटका येत नाही."

त्या माणसाचं हे वाक्य घरात राहिलं. अब्जाल पाळीवरून आल्यावर तेच म्हणाला. "आई, फेकून दे हा. नवा चांगला आहे, चटका देत नाही."

मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. शिंगरू वाईट नव्हतं. माझं त्याच्याशी वैर नाही. पण त्याचं अंग प्लास्टिकचं, म्हणून वीज त्याच्या अंगावर येऊ शकत नव्हती, म्हणून ते काही सांगू शकत नव्हतं. मी लोखंडाचा, म्हणून भिंतीआड जे चाललं होतं ते माझ्या अंगावर दिसत होतं. मी त्या घरातला ओरडणारा होतो. आणि ओरडणाऱ्याला बाहेर काढलं की घर सुरक्षित झालं, असं सगळ्यांना वाटलं.

रायखानला मात्र तसं वाटलं नाही. ती मला हाताने शिवेनाशी झाली. खटका लाकडी पळीने दाबायची. आपा चिडायची.

"सासऱ्याला पळीने ढोसतेस?"

"आपा, ते मामंजी नाहीत. तुमच्या पाया पडते, हाताने लावू नका."

"तुला येत नाहीत म्हणून माझ्याकडेही येऊ नयेत का?"

"झिना मावशीकडे टाकीत येतात ते कोण मग?"

"झिनाकडे कशाला जाईल तो? तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचा!"

रायखान हसली नाही. तिने अब्जालला सांगून मला बाल्कनीत ठेवलं. घोड्याच्या मांसाच्या टांगलेल्या सॉसेजांखाली, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. माझ्या अंगातलं तेल थिजलं. काचेतून मला स्वयंपाकघर दिसायचं. आपा ओट्याशी यायची, माझ्या रिकाम्या जागेवर तळहात ठेवायची आणि जायची. शुक्रवारची कणीक आता शिंगरू मळायचं, मऊ करून, थोडी थोडी. शेलपेक होत होत्या. धरणारा हात मात्र येत नव्हता. आपा रोज थोडी थोडी खंगत गेली. एकदा ती सुनेला म्हणाली, "तू त्याला दुसऱ्यांदा पुरलंस." रायखान बाथरूममध्ये जाऊन रडली. मग डोळे पुसून पुन्हा तुमच्या कार्यालयात गेली, साहेब. तुम्ही तिला बाकावर बसवलंत. संध्याकाळी शिपायाने सांगितलं, साहेब गेले.

हिरव्या दाराआडचा आवाज थांबत नव्हता. आता त्यात वासही मिसळला होता. जिन्यातून जाणारे लोक म्हणत, कुणाची तरी शेलपेक करपतेय.

आणि बुरानाचा शुक्रवार आला. बुरान म्हणजे माळावरचं बर्फाचं वादळ, हात पुढे केला तर हात दिसत नाही. अब्जाल खाणीत. रायखान खालच्या मजल्यावर झिनाला औषध द्यायला गेली होती. जाताना आपाला म्हणाली, "आपा, मी आलेच. कणीक मी लावते, तुम्ही बसा."

आपा बसली नाही. तिने वजू केला. नमाजाआधी धुतात तसे कोपरापर्यंत हात धुतले, पुसले नाहीत. पितरांच्या कामाला ओल्या, स्वच्छ हातांनी लागायचं, अशी तिची श्रद्धा. शिंगरात मैदा घातला, खटका दाबला. दिवा पिवळा झाला. मग पांढरा. मग इतका पांढरा की तोमिरिसने डोळे झाकले. भिंतीआड फाट्‌कन आवाज झाला. शिंगरू एकदा किंचाळलं, त्याच्या पोटातून धूर निघाला आणि ते गप्प झालं.

परतीची तार तुटली होती, मित्रांनो. आता इमारतीतली सगळी वीज परतीची वाट शोधत होती.

"मेलं शिंगरू," आपा म्हणाली. तिच्या आवाजात दुःख नव्हतं. ती बाल्कनीचं दार उघडताना मला दिसली. मला उचलायला दोन माणसं लागतात. त्या म्हाताऱ्या बाईने मला फरशीवरून ओढत आत नेलं, गुडघ्याचा टेकू देऊन ओट्यावर चढवलं. तोमिरिसला म्हणाली, "बाळा, तू दारातच उभी राहा. आजोबा येणार आहेत. दारातून सलाम कर."

मला तोंड असतं तर मी तिला शिव्या दिल्या असत्या. माझा प्लग वाकडा व्हावा, आकडा मोडावा, काहीही व्हावं. मी तोफेच्या जातीचा. माझं काही मोडत नाही.

तिने प्लग लावला. चिकटलेली कणीक धुवायला नळ उघडला आणि डावा हात धारेत धरला. उजव्या हाताने माझ्या डोक्यावर थाप मारली, खानावळीत मारायची तशीच.

"ऊठ रे उंटा."

पुढचं मी लांबवणार नाही. ती पडली नाही, म्हणूनच गेली. हात सुटला असता तर पडली असती आणि वाचली असती. तोमिरिस दारातून म्हणत होती, "आजी, आजोबा आले का? आजी?" मग तिने ओट्याकडे एक पाऊल टाकलं.

रायखान त्याच क्षणी आत आली. तिने मुलीला केसांना धरून मागे फेकलं. आपाला शिवली नाही. ओरडत, रडत, तिने लाटणं घेतलं, माझ्या वायरीत अडकवलं आणि प्लग उपटून काढला. पळीने ढोसतेस म्हणून जिने टोमणे खाल्ले, तिनेच लाकूड हातात घेतलं म्हणून त्या स्वयंपाकघरात दोन जीव वाचले. आपाचा मात्र गेला होता.

मग तुम्ही आलात, साहेब. या वेळी एकटा माणूस नाही, चौघं. दिवे लागले पाहिजेत म्हणून तुमच्या माणसाने खिशातून किल्ली काढली. हो, खिशातून! हिरवं दार उघडलं, तुटलेली तार पुन्हा पिळून जोडली, वर काळी पट्टी गुंडाळली, कुलूप लावलं. तिसरी तार जिथे होती तिथेच, परतीच्या तारेला गुंडाळलेली. जमीन अजून तशीच दूर. मग तुम्ही घरात येऊन आमची तुलना केलीत. शिंगराच्या दुकानदाराने त्याला दुरुस्त करून परत दिलं. मला चिठ्ठी.

मी तुमच्या कोठारात आहे, आणि कोठाराची भिंत तुमच्या कार्यालयाला लागून आहे. म्हणून परवा रायखान आली तेव्हा मला सगळं ऐकू आलं.

"ताई, ते यंत्र जप्त केलंय," तुमचा कारकून म्हणाला. "आता कसली भीती?"

"यंत्र इथे आहे?"

"इथेच, मागे."

"नक्की?"

"नक्की हो. हवं तर बघा."

"मग काल कपडे धुवायच्या यंत्रापाशी माझ्या मुलीचा हात कोणी धरला?"

मला कारकुनाच्या खुर्चीची करकर ऐकू आली.

"ती काय म्हणाली माहीत आहे?" रायखान म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, खाली गेला होता. "म्हणाली, आई, आता आजी येते. शेलपेक तळ."

"ताई, मी सांगतो साहेबांना."

"आपाचा चाळिसावा दिवस जवळ आलाय, त्यांच्या नावाने जेवण आहे. पूर्ण जिना येणार. प्रत्येक घरात कणीक मळली जाईल, प्रत्येक घरात शेगडी पेटेल, प्रत्येक बाई ओल्या हातांनी उभी असेल. मी सगळ्यांना सांगतेय हात लावू नका. त्या मला म्हणतात, नव्या मिक्सरला काय होतंय? खात्यानेच सांगितलंय सुरक्षित आहे म्हणून. दार उघडा. त्या दिवसाच्या आधी उघडा."

"किल्ली ठेकेदाराकडे असते, ताई."

मित्रांनो, माझ्या जातीच्या गोष्टीच्या शेवटी सांगायची पद्धत असते की वस्तू जपा, तेल घाला, पुसून ठेवा. मला तेल नको. मला परत ओट्यावर नेऊ नका, वितळवून टाका. मी एवढंच मागतो: तुमच्या घरातली वस्तू तुम्हाला टोचली, तर वस्तू फेकण्याआधी भिंतीत बघा. आणि भिंतीला कुलूप असेल, तर कुलूप घालणाऱ्याच्या दारात जाऊन बसा, पूर्ण जिना घेऊन बसा.

आणि साहेब, तुम्ही. भिंतीपलीकडे तुमचा चहा आला, कप वाजला, मला कळलं. मी जुना आहे, सदोष आहे, तुमच्याच चिठ्ठीत तसं लिहिलंय. ठीक आहे. पण मी इथे बांधलेला असताना त्या घरात मुलीचा हात धरणारा कोण आहे? चाळिसाव्याला ओट्याशी कोण उभं राहील? त्या दिवशी तुमच्या माणसाने खिशातून काढलेली ती किल्ली आज कोणाच्या खिशात आहे?

नाव सांगा.